लूप लावला की शून्य एरर, राऊटर जोडला की एररच एरर: ऑप्टिकल मक्सच्या लिंकवर नेमकं कुठे शोधायचं?

रात्रपाळी
(मंगळवार, सकाळी ७:१०)

नमस्कार मंडळी. सलग दोन रात्री एकाच लिंकवर गेल्या आहेत, आता चार जाणत्यांचं मत हवंय. शक्य तेवढं सगळं लिहितो.

दोन स्टेशनं आहेत, त्यांना इथे अ आणि ब म्हणू. मधे ४८ किलोमीटर फायबर. दोन्हीकडे एसटीएम-१ मक्स (बऱ्याच लाइन एकत्र करून फायबरवर नेणारं यंत्र), १३१० नॅनोमीटरची लाँग हॉल, म्हणजे लांब पल्ल्याची ऑप्टिकल कार्डं. दोन्ही टोकांना पाठवायची पॉवर उणे २ डीबीएम आणि येणारी उणे २२ डीबीएम दिसते. ६३ पैकी ११ ई-वन (सेकंदाला २ मेगाबिटच्या लाइन) वापरात आहेत. दहा गुण्यागोविंदाने चाललेत. तक्रार फक्त पाचव्याची. त्याच्या दोन्ही टोकांना राऊटर आहेत. लिंक पडत नाही, पण सीआरसी एरर (पॅकेट बिघडून पोहोचल्याची मोजणी) वाढत राहतात आणि मोठी फाइल पाठवली की अडकते.

आतापर्यंत केलेलं:

पहिल्या रात्री अ च्या मक्सवर पाचव्या पोर्टला राऊटरच्या बाजूने लूप दिला, म्हणजे राऊटरचा सिग्नल त्यालाच परत फिरवला. राऊटरने लाइन अप आणि लूप्ड दाखवलं, एरर शून्य. मग ब च्या डीडीएफवर (ई-वनच्या केबल जोडायची चौकट) बीएनसी ते बीएनसी कॉर्ड टाकून लूप केला, अ च्या डीडीएफवर बीईआर टेस्टर (चुकलेले बिट मोजणारं यंत्र) लावला. ३२,७६७ बिटांचा पॅटर्न, रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा. आठ तासांत एकही एरर नाही.

लूप काढून राऊटर परत जोडला आणि दहा मिनिटांत सीआरसीचा आकडा ४० ने वर.

काल रात्री दोन्हीकडच्या केबल बदलल्या, ब चं राऊटर कार्डही बदललं. काही फरक नाही. शेवटी परवानगी घेऊन वीस मिनिटं सगळी लिंक बंद केली आणि ब च्या ओडीएफवर (फायबर जोडायची चौकट) दोन्ही फायबर एका पॅच कॉर्डने जोडून थेट फायबरचाच लूप दिला. आणि अ च्या मक्सवर एलओएस (सिग्नलच येत नाही असा अलार्म) आला! म्हणजे फायबरमध्येच काहीतरी आहे असं समजायचं का? की ओटीडीआर (फायबरमधला दोष कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) मागवू? पॉवरचे आकडे मात्र चांगले दिसतात, तिथेच घोडं अडलंय.


नऊ मायक्रॉन
(मंगळवार, सकाळी ८:०२)

ओटीडीआर मागवण्याआधी साधी वजाबाकी करा. उणे २ पाठवता, उणे २२ मिळते. म्हणजे एका बाजूचा तोटा २० डीबी. ४८ किलोमीटरला १३१० वर किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी धरले तर १७ च्या आसपास, वर स्प्लाइस (फायबरचे सांधे) आणि कनेक्टरचे तीनेक. अगदी बरोबर बसतंय, फायबर ठणठणीत आहे.

आता ब च्या ओडीएफवर तुम्ही पॅच कॉर्ड टाकली तेव्हा अ चा उजेड ४८ किलोमीटर गेला आणि तोच ४८ किलोमीटर परत आला. ४० डीबीच्या वर तोटा. अ च्या रिसीव्हरला उणे ४२ किंवा त्याहून कमी मिळणार. या जातीच्या एसटीएम-१ लाँग हॉल कार्डाची संवेदनशीलता उणे ३४ डीबीएमपर्यंत असते. एलओएस आलाच पाहिजे, आला नसता तर मी चक्रावलो असतो.

मक्सने आतून दिलेला लूप आणि पॅच कॉर्डचा लूप यातला हा मोठा फरक आहे. मक्स सिग्नल वाचतो, पुन्हा नव्याने घडवतो आणि ताज्या लेझरने परत पाठवतो. पॅच कॉर्ड काहीच करत नाही, आलेला मिणमिणता उजेड तसाच परत ढकलते. त्यामुळे लांबच्या लिंकवर पलीकडच्या टोकाला फायबरचा लूप द्यायचा असेल तर आधी बेरीज करायची, मगच कनेक्टरला हात लावायचा.

याची दुसरी बाजूही सांगून ठेवतो. हेच कार्ड जवळच्या जवळ, म्हणजे अ च्याच टीएक्समधून (पाठवायचं टोक) अ च्याच आरएक्समध्ये (घ्यायचं टोक) लूप केलंत, तर उलटं संकट. उणे २ थेट रिसीव्हरवर जाईल आणि त्याची वरची मर्यादा उणे १० आहे. रिसीव्हर गुदमरतो आणि एररचा पाऊस पडतो. मग माणूस म्हणतो कार्ड खराब. मधे उजेड कमी करणारा १५ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर टाका, उणे १७ मिळेल, आणि मग काय ते बोला. जास्त ताकदीच्या काही कार्डांचा रिसीव्हर अशा थेट लूपने कायमचा जातोही.


रात्रपाळी
(मंगळवार, सकाळी ८:३०)

ही बेरीज मी केलीच नव्हती. मनापासून आभार. फायबरवरचा संशय काढून टाकतो.

एक आणखी विचारतो. ब ला पॅच कॉर्ड टाकण्याआधी ब चा टीएक्स उघडून पॉवर मीटर लावला होता. काहीच नाही, पूर्ण अंधार. थोड्या वेळाने क्षणभर आकडा आला आणि परत गेला. मला वाटलं लेझरच मरतोय.


नऊ मायक्रॉन
(मंगळवार, सकाळी ८:४४)

लेझर मरत नाहीये, तो स्वतःहून बंद होतोय. ऑटोमॅटिक लेझर शटडाऊन. तुम्ही ब चा टीएक्स उघडला, अ ला उजेड मिळेना, म्हणून अ ने स्वतःचा लेझर बंद केला. आता ब लाही काही मिळेना, म्हणून ब नेही बंद केला. एक कनेक्टर काढला आणि दोन्ही दिशा काळोखात. मधूनमधून दोनेक सेकंद लेझर चालू करून पलीकडे कोणी आहे का हे तो चाचपतो, तोच तो क्षणभराचा आकडा. मोजायचं असेल तर मक्सच्या सॉफ्टवेअरमधून लेझर मॅन्युअली चालू करा किंवा तेवढ्यापुरतं शटडाऊन बंद ठेवा, आणि काम झालं की आठवणीने परत चालू करा.

ही सोय माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. १३१० आणि १५५० दोन्ही डोळ्याला दिसत नाहीत. दिसत नाही म्हणून कनेक्टरमध्ये डोकावणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून असं कोणी करू नका.


नवशिका
(मंगळवार, सकाळी १०:१५)

धागा वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. एक मूलभूत शंका. आमच्या मक्सच्या मेनूत एका ठिकाणी टर्मिनल आणि फॅसिलिटी असे दोन लूप आहेत, दुसऱ्या बनावटीच्या मक्सवर इनलूप आणि आउटलूप. कुठला कधी द्यायचा हे दरवेळी अंदाजाने करतो. नीट समजावून सांगाल का?


जुना जोडारी
(मंगळवार, दुपारी १२:४०)

नवशिका, अंदाजाने लूप देऊ नका. चुकीचा दिलात तर चाचणी खोटी ठरते आणि दुसऱ्याची सेवाही पडते.

लूप म्हणजे सिग्नलच्या वाटेत उभा केलेला आरसा. त्याच्याबद्दल दोनच गोष्टी माहीत हव्यात: आरसा कुठे उभा आहे आणि त्याचं तोंड कुणाकडे आहे. पोर्ट म्हणजे घराचा दरवाजा समजा. दरवाजात आरसा ठेवून तोंड बाहेर, म्हणजे बाहेरून केबलमधून येणाऱ्याकडे केलं, की आलेला सिग्नल आत न शिरता परत बाहेर जातो. हा फॅसिलिटी लूप, काहीजण लाइन लूप म्हणतात. तोंड आत केलं, म्हणजे मक्सच्या पोटातून बाहेर निघालेला सिग्नल दरवाजातूनच परत पोटात जातो, तो टर्मिनल लूप. इनलूप आणि आउटलूपही साधारण याच दोन दिशा, पण नावावर विसंबू नका. बनावटीप्रमाणे अर्थ फिरतो, मॅन्युअलमधली आकृती बघा.

एक पोटप्रश्न नेहमी राहून जातो. आरशाच्या पाठीमागच्या बाजूला काय जातं? काही मक्स तिकडे एआयएस, म्हणजे सगळे बिट १ असलेला सिग्नल, पाठवतात. काही मूळ सिग्नल तसाच पुढे जाऊ देतात. पलीकडच्या माणसाला अचानक एआयएस दिसला तर तो नवीन बिघाड समजून वेगळीच शोधाशोध सुरू करतो. म्हणून लूप देण्याआधी पलीकडे फोन करायचा.


डीडीएफवाली
(मंगळवार, दुपारी १:२०)

रात्रपाळी, तुमच्या आठ तासांच्या चाचणीबद्दल विचारते, राग मानू नका. लूप खरंच ब च्या डीडीएफवर आणि खरंच पाचव्याच ई-वनवर होता याची खात्री कशी केलीत?

विचारण्याचं कारण आहे. एका रात्री आम्ही तीन तास शून्य एररची चाचणी घेतली, अहवाल लिहिला आणि सकाळी कळलं की आम्ही भलतंच चॅनेल तपासत होतो. एसटीएम-१ मधल्या ६३ ई-वनना नंबर द्यायच्या दोन पद्धती चालतात. तीन मोठे गट, प्रत्येकात सात, त्या प्रत्येकात तीन अशी रचना असते. एक मक्स शेवटच्या तिनातून मोजायला सुरुवात करतो, दुसरा मोठ्या गटांवरून. त्यामुळे एकाचा २ नंबर तो दुसऱ्याचा २२ होतो. आमच्या टोकाला २ होतं आणि पलीकडच्या मित्राने त्याच्या २ वर कॉर्ड टाकली होती. आमचा सिग्नल परत येत होता तो वाटेतल्या दुसऱ्या मक्सवर कोणीतरी आधीच देऊन ठेवलेल्या लूपमधून.

तेव्हापासून मी टेस्टर लावला की आकडे बघण्याआधी दोन गोष्टी करते. टेस्टरवरून मुद्दाम एक एरर घालते, ती परत येऊन मोजली गेली पाहिजे. मग पलीकडच्याला फोनवर सांगते, कॉर्ड काढ. त्याच क्षणी माझ्याकडे पॅटर्न तुटला पाहिजे. घाल म्हटलं की परत जुळला पाहिजे. तुटला नाही तर लूप दुसरीकडे कुठेतरी आहे.

आणि टेस्टरमध्ये जाऊन येऊन लागणारा वेळ मोजायची सोय असेल तर ती सोन्यासारखी आहे. फायबरमध्ये उजेडाला किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. तुमच्या ४८ किलोमीटरला जाऊन येऊन ४८०, वर दोन्ही मक्सचा थोडा वेळ. आकडा यापेक्षा खूप कमी आला तर लूप जवळच कुठेतरी लागलाय. खूप जास्त आला तर सिग्नल रिंगच्या (मक्सच्या गोलाकार जोडणीच्या) लांबच्या बाजूने फिरतोय.


रात्रपाळी
(मंगळवार, दुपारी २:०५)

राग कसला ताई, बरोबर विचारलंत. कॉर्ड काढून-घालून पाहिली होती, पॅटर्न तुटत होता. वेळही नोंदवला गेलाय, आत्ता रिपोर्ट उघडून पाहिला: ६१० मायक्रोसेकंद. म्हणजे जागा बरोबर होती.


नवशिका
(मंगळवार, दुपारी २:३०)

आठ तास चाचणी खरंच लागते का? आमच्याकडे पंधरा मिनिटांत उरकतात.


डीडीएफवाली
(मंगळवार, दुपारी २:५०)

तुम्हाला काय सिद्ध करायचंय त्यावर आहे. ई-वन सेकंदाला २०,४८,००० बिट नेतो. एक अब्ज बिटांत एक एरर असा दर असेल तर सरासरी ४८८ सेकंदांनी, म्हणजे आठ मिनिटांनी एक एरर दिसणार. एकही एरर न दिसता दर त्याहून चांगला आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणायला तीन अब्ज बिट जावे लागतात, सुमारे २४ मिनिटं. त्याच्या दहापट चांगला दर सिद्ध करायचा तर चार तास. पंधरा मिनिटांत फक्त ठळक बिघाड सापडतो. शिवाय काही बिघाड ठरावीक वेळीच येतात. दुपारी उन्हाने रॅक तापल्यावर किंवा शेजारचं मोठं यंत्र सुरू झाल्यावर. त्यांना रात्रीची चाचणी कितीही लांब घेतली तरी सापडायची नाही.


जुना जोडारी
(मंगळवार, संध्याकाळी ६:१५)

कामावरून आलो. रात्रपाळी, तुमची पहिली पोस्ट पुन्हा दोनदा वाचली. तुमचं उत्तर त्या आठ तासांच्या शून्यातच आहे.

मी शिकाऊ पोरांना एक सवय लावतो. प्रत्येक लूपच्या नोंदीत दोन रकाने करायचे. एकात लूपच्या आत काय आलं ते लिहायचं, ते सगळेच लिहितात. दुसऱ्यात लूपच्या बाहेर काय राहिलं ते लिहायचं. शून्य एरर आले की पहिला रकाना निर्दोष सुटतो आणि गुन्हेगार दुसऱ्या रकान्यात उरतो.

तुमचा दुसरा लूप घेऊ. आत काय आलं? अ चा डीडीएफ, अ चा मक्स, जाणारी फायबर, ब चा मक्स, ब चा डीडीएफ, आणि तीच वाट परत. बाहेर काय राहिलं? दोन्ही राऊटर आणि डीडीएफपासून राऊटरपर्यंतच्या केबल. केबल तुम्ही बदलल्या, एक कार्ड बदललं. इथपर्यंत तुम्हीही आलात. पण दुसऱ्या रकान्यात आणखी एक गोष्ट असते, ती हाताला लागत नाही म्हणून कोणी लिहीत नाही. ती म्हणजे दुसरं घड्याळ.

लूपमध्ये टेस्टर आपल्याच घड्याळाने बिट पाठवतो आणि आपलेच बिट परत घेतो. जाताना जो वेग तोच येताना. लूपवाल्या राऊटरचंही तेच, स्वतःचाच सिग्नल परत आला. मधला मक्स ई-वनचा वेग आहे तसा पलीकडे पोहोचवतो, त्यात तो स्वतःचं घड्याळ घालत नाही. म्हणून लूपमध्ये वेगाचं भांडण होऊच शकत नाही. सेवेत मात्र दोन राऊटर समोरासमोर येतात. दोघेही स्वतःच्या घड्याळाने चालत असतील तर एक किंचित पुढे, एक किंचित मागे. मागे असलेल्याच्या बफरमध्ये बिट साठत जातात, भरला की तो एक पूर्ण फ्रेम (बिटांचा एक ठरावीक गठ्ठा) टाकून देतो. पुढे असलेल्याचा बफर रिकामा पडतो, तो एक फ्रेम दोनदा वाचतो. यालाच स्लिप म्हणतात. प्रत्येक स्लिपला त्या वेळी चाललेलं पॅकेट फाटतं आणि सीआरसी एरर मोजला जातो.

दोन्ही राऊटरची घड्याळाची सेटिंग बघा. आणि सीआरसीसोबत ई-वन कंट्रोलरचा स्लिपचा आकडा बघा. तो वाढत असेल तर शोध संपला.

त्याआधी एक लूप अजून द्या, म्हणजे कुणी शंका घ्यायला नको. ब च्या राऊटरवरच लाइन लूप. आता केबल आणि कार्डाचा पुढचा भाग लूपच्या आत येतो, पण घड्याळ एकच राहतं. माझा अंदाज आहे की इथेही शून्यच येईल.


नऊ मायक्रॉन
(मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

जोडारीदादांना पूर्ण अनुमोदन. हिशेबाने पडताळाही घेता येतो. ई-वनची एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. दहा मिनिटांत ४० म्हणजे १५ सेकंदांना एक. १२५ मायक्रोसेकंद भागिले १५ सेकंद, म्हणजे दहा लाखांत साधारण ८ चा फरक. ई-वनला प्रत्येक टोकाला दहा लाखांत ५० पर्यंत इकडेतिकडे चालतं. दोन्ही घड्याळं नियमात आहेत, वेगवेगळी मोजली तर कुठलंच नापास होणार नाही, आणि तरी सेवा खराब.

रात्रपाळी, ते ४० एरर एकसारख्या अंतराने येतात की घोळक्याने? लाइनचा बिघाड सहसा घोळक्याने येतो. घड्याळाचा असेल तर ठोके पडल्यासारखे येतील.


रात्रपाळी
(मंगळवार, रात्री ९:५०)

आत्ता स्टेशनवर पोहोचलो. दोन्ही राऊटर इंटर्नलवर, म्हणजे स्वतःच्याच घड्याळावर आहेत! स्लिपचा रकाना मी कधी उघडूनच बघितला नव्हता, तिथे हजारोंनी आकडे आहेत. मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसलो: १४, १५, १५, १४, १५ सेकंद. अगदी ठोके.

रात्री बारानंतर ब च्या राऊटरवर लाइन लूप देऊन बघतो, मग सेटिंग बदलतो. दोन्ही राऊटर लाइनवर टाकू का?


जुना जोडारी
(मंगळवार, रात्री १०:०५)

दोन्ही नको! दोघेही समोरच्याचं घड्याळ ऐकायला लागले तर मालक कोणीच नाही, आणि वेग कुठेही भरकटू शकतो. एक इंटर्नल, दुसरा लाइन. ज्या टोकाला जास्त भरवशाचं घड्याळ आहे ते टोक मालक.


इथरवाट
(मंगळवार, रात्री १०:३०)

थोडा वेगळा प्रश्न, पण याच मक्सचा. आमच्या मक्सवर ई-वनसोबत इथरनेट पोर्टही आहेत. तिथे असाच लूप दिला तर? मागे एकाने पोर्टवर लूप दिला आणि त्या बाजूचं सगळं नेटवर्क ठप्प झालं.


डीडीएफवाली
(मंगळवार, रात्री ११:००)

ठप्प होणारच. ई-वनला पत्ता नसतो, बिट गेले आणि आले. इथरनेटच्या फ्रेमला पत्ता असतो. स्विच जोडलेला असताना लूप दिला की ब्रॉडकास्ट फ्रेम परत येते, स्विच ती पुन्हा सगळीकडे वाटतो, ती पुन्हा परत येते, आणि काही क्षणांत वादळ. त्यातून स्विचला स्वतःच्याच बाजूची यंत्रं लूपच्या दिशेला दिसू लागतात.

इथरनेटला चाचणी करायची तर आधी स्विच सोडवा आणि टेस्टर थेट पोर्टला लावा. पलीकडच्या टोकाला नुसती कॉर्ड नको, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता अदलाबदल करून फ्रेम परत पाठवणारं उपकरण हवं, नाहीतर वाटेतला स्विच फ्रेम टाकून देईल. दोन्ही उपकरणांत ८०२.३एएच (इथरनेटच्या देखभाल-चाचणीचं मानक) असेल तर पलीकडचं पोर्ट इथूनच लूपमध्ये टाकता येतं. चालू सेवा न पाडता फक्त वाट तपासायची असेल तर वाय.१७३१ या मानकातले लूपबॅक संदेश वापरा. ते पिंगसारखे जातात आणि येतात, बाकीचा ट्रॅफिक चालू राहतो.

आणि घड्याळाचा हा बिघाड तिथे भेटणार नाही. इथरनेटचं प्रत्येक पोर्ट आपल्या घड्याळाने चालतं, दोन फ्रेममधल्या मोकळ्या जागेत फरक जिरतो.


नऊ मायक्रॉन
(मंगळवार, रात्री ११:२०)

त्याच ओघात एक: एकाच फायबरवर जाणं-येणं करणारे बायडी मॉड्यूल असतील तर पॅच कॉर्डने लूप देण्याच्या फंदात पडू नका. ते १३१० वर बोलतं आणि १५५० वर ऐकतं. स्वतःचा आवाज त्याला ऐकूच येत नाही, आत तसा फिल्टर असतो.


जुना जोडारी
(मंगळवार, रात्री ११:४५)

रात्रपाळी, आज रात्री लूप देणार आहात म्हणून एक काळजीची गोष्ट लिहितो.

ई-वनच्या पोर्टवरचा लूप फक्त त्या ई-वनला लागतो. पण दूरच्या मक्सच्या ऑप्टिकल पोर्टवर इथून लूप द्यायची वेळ आली तर दहादा विचार करा. त्या मक्सला तुम्ही ज्या वाटेने आज्ञा देता ती वाट त्याच उजेडातून जाते. लूप लागला की आज्ञेची वाटही तिथेच वळते, मक्स तुमच्या स्क्रीनवरून नाहीसा होतो आणि लूप काढायची आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मग रात्री गाडी काढून ४८ किलोमीटर जा. मी गेलोय. तिकडचे अकराच्या अकरा ई-वन पहाटेपर्यंत बंद होते आणि त्यातल्या एकावरून इमर्जन्सीचे फोन चालत. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मक्समध्ये लूप आपोआप सुटण्याचा टायमर असेल तर दहा मिनिटांचा लावा, मगच लूप द्या. आणि संरक्षण (राखीव) वाट असेल तर आधी ट्रॅफिक हाताने तिकडे वळवून लॉक करा, नाहीतर लूप लागल्या क्षणी मक्स स्वतःच वाट बदलेल आणि तुम्ही दुसरंच काहीतरी मोजत बसाल.


डीडीएफवाली
(बुधवार, सकाळी ६:३०)

एक मुद्दा राहिला, पुढच्या वेळी कामाला येईल. लूपच्या चाचणीत एरर आले तर ते जाताना झाले की येताना, हे लूप सांगत नाही. तेव्हा मक्सचेच आकडे वाचायचे. ब ला बी२ चे (मक्सने स्वतः मोजलेले लाइनवरचे) एरर दिसत असतील तर बिघाड अ कडून ब कडे येणाऱ्या वाटेवर. अ ला एलओएस नाही पण एमएस-आरडीआय आहे, याचा अर्थ अ ला नीट ऐकू येतंय, ब ला मात्र अ चं ऐकू येत नाही. असे अलार्म दोन्ही टोकांचे समोरासमोर मांडले की कित्येकदा लूप न देताच दिशा कळते. चालू सेवा पाडून लूप देण्याआधी ती पाच मिनिटं खर्च केलीच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.


रात्रपाळी
(बुधवार, सकाळी ७:२५)

रात्रीचा अहवाल.

१२:१० ला ब च्या राऊटरवर लाइन लूप दिला, अ कडून चाळीस मिनिटं चाचणी. एरर शून्य, स्लिप शून्य. जोडारीदादांचा अंदाज खरा ठरला. लूप काढला, राऊटर समोरासमोर आले, पंधराव्या सेकंदाला पहिली स्लिप.

१:०५ ला ब चा राऊटर लाइनवर टाकला, अ इंटर्नलवरच ठेवला. लिंक दोनेक सेकंद खाली जाऊन वर आली. दोन्हीकडचे आकडे पुसून शून्य केले आणि मी स्टॉपवॉच धरून समोर बसलो. पंधरा सेकंद गेले. तीस गेले. दोन मिनिटं गेली तरी शून्यच. मग मोठी फाइल पाठवायला लावली, एका दमात गेली. आत्ता सव्वासहा तास झालेत, दोन्ही टोकांना स्लिप शून्य, सीआरसी शून्य.

दोन रकान्यांची वही आजच घातली. डीडीएफवाली ताईंच्या अनुभवावरून दोन्ही मक्सवर लागलेल्या सगळ्या लूपची यादीही काढली. ब च्या मक्सवर एकोणिसाव्या ई-वनवर एक जुना लूप तसाच लागलेला मिळाला. ते चॅनेल सध्या कोणाच्या वापरात नाही, पण पुढच्या आठवड्यात तिथे नवीन सेवा जोडायची आहे. फोन करून खात्री केली आणि तो काढला.